दोन हजार पाचशे एकविसावी

एक होता राजा. त्याला राण्या किती, हत्ती किती, ते विचारू नका. या गोष्टीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो आवडाईचा. आवडाई म्हणजे राजाच्या नगरीतली सुईण. नगरीत जन्मलेलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात पडायचं, मग आईच्या. राजासुद्धा तिच्या आईच्या हातात पडला होता, पण राजे लोक असलं काही लक्षात ठेवत नाहीत.

नगरीचं नाव हिवरनगरी. चारी बाजूंनी डोंगर आणि बाहेर जायला एकच घाट. लोक आपले सुखात होते. पेरत होते, विणत होते, भांडत होते.

एकदा काय झालं, डोंगरातून एक राक्षस उतरला. ताडमाड उंच, रांजणाएवढं डोकं. म्हणाला, "सगळ्यांना खातो." राजानं हात जोडले, पाय धरले, रडला. मग राक्षस म्हणाला, "बरं, सगळ्यांना नाही खात. वर्षातून एकदा, फाल्गुनातल्या अमावस्येला, सगळ्यांनी सकाळी माळावर यायचं. तान्ह्या पोरानंसुद्धा. मी माझ्या बोटांवर मोजून एक आकडा सांगेन. तेवढ्या-तेवढ्या माणसांच्या ओळी करा. ओळीत बसतील ती तुमची. उरेल तो माझ्या पोटात. ही माझी शपथ आहे, ती मलाही मोडता यायची नाही."

समजलं ना? आता समजा, तुम्ही सात जण आहात आणि राक्षस म्हणाला, तीन. तर तिघांची एक ओळ झाली, तिघांची दुसरी झाली, आणि एक उरला. कोण उरला? जो सगळ्यात शेवटी आला तो. म्हणून म्हणते, जेवायला हाक मारली की एका हाकेत यावं.

राक्षसाला बोटं होती दहा. म्हणजे दोनपासून दहापर्यंतचा कुठलाही आकडा तो सांगणार. पहिल्या वर्षी म्हणाला, सात. चार जण उरले. दुसऱ्या वर्षी म्हणाला, नऊ. आठ उरले. तिसऱ्या वर्षी म्हणाला, आठ, आणि सात उरले. त्या तिसऱ्या वर्षी माळावर फार वाईट झालं, बरं का. ओळीत शिरायला माणसं एकमेकांना ढकलत होती. सख्खा भाऊ भावाला ढकलत होता. राक्षसानं काय खायचं ते खाल्लं नि गेला, पण त्या दिवसापासून शेजारी शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघेना.

मग राजानं आपल्या जोश्याला बोलावलं. त्याचं नाव त्र्यंबकभट. हा मोठा गणिती. जमिनीवर चिंचोके मांडून बसला. दोन-दोनचे ढीग केले, तीन-तीनचे केले, मोडले, पुन्हा केले. चार महिने त्यानं दाढी केली नाही. शेवटी उठला नि ओरडला, "सापडला! दोन हजार पाचशे वीस!" हा आकडा दोननं भागा, काही उरत नाही. तीननं भागा, उरत नाही. सातनं, आठनं, नऊनं, दहानं, कशानंही भागा, बाकी शून्य. नगरीत नेमकी एवढीच माणसं असली, तर राक्षसानं कुठलंही बोट दाखवावं, त्याला उपाशीच जावं लागेल.

हुशार होता हो त्र्यंबकभट. नाही कोण म्हणतं?

पण नगरीत त्या वेळी माणसं होती दोन हजार पाचशे चौतीस. म्हणजे चौदा जास्त. राजा म्हणाला, "सगळ्यात म्हातारी चौदा माणसं घाटापलीकडं पाठवा. पलीकडं दुसरं राज्य आहे, जमीन काळीभोर आहे, सुखानं राहतील." ते राज्य कुणी पाहिलं होतं का? कुणीच नाही. पण ज्यांचं कुणी जात नव्हतं, त्यांना ते लगेच पटलं. चौदा जण भाकऱ्या बांधून घाट चढले नि दिसेनासे झाले.

मग तशी रीतच पडली. कुणी मेलं की आकड्यात एक जागा रिकामी व्हायची. पुढचं पोर जन्मलं की ती भरायची. फार जागा रिकाम्या झाल्या, तर वेशीवर आलेला वाटसरू धरून ठेवायचा. असा एक कासार बांगड्या विकायला आला होता, तो नऊ वर्षं तिथंच अडकला. आणि जागा रिकामी नसताना पोर जन्मलं, तर? तर सुईणीनं दारात उभं राहून काशाची थाळी वाजवायची. थाळी ऐकली की नगरीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं उठायचं, काठी घ्यायची आणि घाट चढायचा. एक आत, एक बाहेर.

आवडाईनं अशा कितीतरी थाळ्या वाजवल्या. सहा वर्षांपूर्वीची एक तिला विसरता येत नव्हती. कुंभारआळीत पोरगा झाला होता. नगरीत सगळ्यात म्हातारी कोण, तर आवडाईचीच आई. आवडाईचा हात काही थाळीवर पडेना. दारात राजाचा शिपाई उभा. तेवढ्यात आईच तिथं आली. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं, हातात पितळी कडं ठोकलेली वेळूची काठी. लेकीला म्हणाली, "वाजव की नीट. पोर जन्मलंय घरात, मयत नाही झालेली." आवडाईनं थाळी वाजवली, नि आई गेली.

बारा वर्षं असंच चाललं. दर वर्षी राक्षस यायचा, आकडा सांगायचा, सगळे ओळीत बसायचे. राक्षस दात खाऊन परत जायचा. राजानं स्वतःला प्रजापालक म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पण आवडाईला एक गोष्ट खुपायची. बारा वर्षांचा उपाशी राक्षस दर वर्षी जास्तच पुष्ट कसा दिसतो? तिनं एकदा त्र्यंबकभटाला विचारलंही. तो म्हणाला, "आवडाई, आकडा बरोबर आहे." शहाण्या माणसाचं हे असंच असतं. आकडा बरोबर आला की तो डोकं वर करून बघत नाही.

ऐकताय ना? आता आवडाईची लेक, हौसा. तिला आठवा महिना होता. आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी, भल्या सकाळी, तिला कळा सुरू झाल्या. आवडाईनंच सोडवलं. मुलगी झाली. केवढीशी? माझ्या या मुठीएवढी. रडली तेही मांजराच्या पिल्लासारखं. आवडाईनं तिला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं आणि मग बोटांवर मोजायला लागली. जागा रिकामी नव्हती. दोन हजार पाचशे वीस पुरे होते, ही झाली एकविसावी. आणि नगरीत सगळ्यात म्हातारं माणूस कोण? आवडाई. पंचावन्न वर्षांची होती ती. पंचावन्न म्हणजे काय म्हातारपण का हो? पण तिच्यापेक्षा मोठं असं त्या नगरीत कुणी शिल्लकच नव्हतं.

तिनं थाळी उचलली. तशी हौसानं तिचा पदर धरला. म्हणाली, "आई, नको ना वाजवूस. उद्यापर्यंत थांब. ही इतकी अशक्त आहे... ही राहिली नाही, तर तुला जावं लागणार नाही."

बघा, काय पाळी आली होती त्या पोरीवर. आवडाईला तिचा राग नाही आला. तिनं हौसाचे डोळे पुसले, म्हणाली, "असं बोलू नये बाळंतिणीनं. पोरीला ऐकू जातं." आणि दारात जाऊन तिनं स्वतःसाठी थाळी वाजवली, चांगली खणखणीत.

मग निघाली. ऊन डोक्यावर येईतो घाट चढून गेली. पलीकडं बघते तर कसलं राज्य नि कसलं काय. एक घळ होती आणि घळीच्या तोंडाशी काठ्यांचा ढीग होता. माणसाच्या उंचीएवढा ढीग. वेताच्या काठ्या, बाभळीच्या काठ्या, कुणाची कुबडी. आणि सगळ्यात वर नाही, पार मध्ये कुठंतरी, पितळी कडं ठोकलेली वेळूची काठी. आवडाईनं ती ओळखली. ती खालीच बसली.

घळीतून राक्षस बाहेर आला. चांगला गलेलठ्ठ. म्हणाला, "आलीस? ये. उरेल तो माझ्या पोटात. माळावर उरो की इथं, मला काय? तुम्ही बिचारे किती नेमानं पाठवता. ओळीत उभे राहायचात तेव्हा मला वर्षाला चार, सात, फार तर आठ मिळायचे. आता बघ."

आवडाईला रडू फुटलं असतं, पण रागच इतका आला की रडू आलं नाही. राक्षसाचा राग आला, राजाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. मग तिला घरातलं सूप आठवलं. त्यातली मुठीएवढी पोर आठवली. आणि तिच्या मनात एक विचार आला.

म्हणाली, "राक्षसा, मला खाऊन तुझं काय भागणार? मी म्हणजे नुसती हाडं. सगळी नगरी खायची आहे का?"

राक्षसाच्या तोंडाला पाणी सुटलं. म्हणाला, "ती कशी?"

"उद्या उलटं खेळू. तू आकडा सांग. ओळी बरोबर बसल्या, कुणीच उरलं नाही, तर सगळी नगरी तुझी. आणि बसल्याच नाहीत, तर उरलेला तू."

राक्षस हसला, घळ हादरली. बारा वर्षं काय बघत होता तो? कुठलाही आकडा सांगा, कुणी उरतच नाही! ही बाई तर आपण होऊन ताट वाढत होती. पण लोभी माणसाला वाढलेलं ताट पुरत नाही. तो म्हणाला, "कबूल. पण आता बोटांचं बंधन नाही. दहाच्या वरचेही आकडे सांगेन. सूर्य मावळेपर्यंत हवे तितके सांगेन. एक जरी बसला तरी नगरी माझी."

आवडाई मनात हिशोब करायला लागली. दहापर्यंतचं तिला ठाऊक होतं. दोन हजार पाचशे वीस माणसांत काही उरत नाही, म्हणजे एकविसावं आलं की नेमका एक उरणार. पण अकराचं काय? पस्तिसाचं काय? ते त्र्यंबकभटानंही कधी पाहिलं नव्हतं. पण आता माघार कसली घेणार? ती म्हणाली, "कबूल. मात्र एकेकट्याला उभं करायचं नाही, आणि सगळ्यांची मिळून एकच ओळ करायची नाही. ती काही ओळ नव्हे." राक्षसानं शपथ घेतली. आवडाईनं आईची काठी ढिगातून ओढून काढली आणि संध्याकाळच्या आत घाट उतरली.

घाटापलीकडून परत आलेलं माणूस नगरीनं पहिल्यांदाच पाहिलं. शिपाई आत सोडेनात. राजा वेशीवर आला. आवडाईनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. घळीचं सांगितलं, ढिगाचं सांगितलं. एक सुतार होता, त्यानं बापाची काठी स्वतः कोरून दिली होती. तो नुसता विचारत राहिला, "मोराची मूठ होती का गं? मोराची?" आवडाईनं मान हलवली.

राजाला त्यातलं एकच ऐकू आलं. ओरडला, "एक जास्त झालाय! एकाला काढा!"

"काढा की," आवडाई म्हणाली. "एकाला काढलंत की पुन्हा दोन हजार पाचशे वीस होतील. मग दोन म्हटलं तरी बसेल आणि सगळेच जाल. उद्या एक माणूस कमी होऊन चालायचं नाही. एकही नाही."

बारा वर्षं जी नगरी जास्तीचं माणूस शोधत होती, ती त्या संध्याकाळी हौसाच्या दारात जमली. कुणी उबेला शेगडी आणली, कुणी जुनं मऊ धोतर आणलं. ती मुठीएवढी पोर मावळतीपर्यंत जगायला हवी होती.

अमावस्येची सकाळ झाली. सगळे माळावर आले. राक्षस आला. म्हणाला, दोन. दोघादोघांच्या ओळी झाल्या. एक उरलं. कोण? सुपातली पोर. राक्षसाच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, तीन. पुन्हा सुपातली पोर उरली. चार, पाच, सहा, पार दहापर्यंत झालं. प्रत्येक वेळी एकच उरायचं, आणि ते सूप ओळीच्या बाहेर.

मग राक्षस म्हणाला, अकरा. त्र्यंबकभटाचे ओठ पांढरे पडले. लोक सरकले, ओळी झाल्या. दोन उरली. पोर आणि आवडाई. पुढं बारा. एक उरलं. मग तेरा. ओळी होत गेल्या, होत गेल्या, आणि शेवटची ओळ बाराची झाली. फक्त एक माणूस कमी! राक्षस म्हणाला, "मीच उभा राहतो तिथं." आवडाई म्हणाली, "राहा. मग तूही आमच्यातलाच झालास. स्वतःलाही खाशील का?" राक्षस गपकन मागं सरला.

दुपार झाली. माळ तापला. वीस झाले, पंचवीस झाले, तीस झाले. माणसं ओळी करून करून थकली, पण बसत काहीच नव्हतं. मग राक्षस म्हणाला, छत्तीस.

छत्तिसांच्या सत्तर ओळी झाल्या. सगळे बसले, अगदी सगळे. बाहेर एकटं सूप. राक्षसानं खाली वाकून सुपात पाहिलं आणि मोठ्यानं ओरडला, "ही हलत नाही! मेली ही! मेलेलं माणूस मोजत नाहीत. सगळे ओळीत आहेत. नगरी माझी!"

आवडाईनं ओळीतूनच हात लांब करून पोरीला उचललं. खरंच ती निळी पडली होती. आवडाईनं तिला पालथं केलं, पाठ चोळली. काही नाही. तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. राक्षसानं जबडा उघडला. पहिल्या ओळीतल्या माणसांच्या तोंडावर त्याची वाफ येत होती. आवडाईनं पोरीच्या तोंडाला तोंड लावलं आणि हळू फुंकर घातली. एक. दोन. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची पोरं रडवली होती, हिला काही रडवता येईना. हौसा ओळीत उभी होती, तिला हलताही येत नव्हतं. आवडाईनं तिसरी फुंकर घातली.

आणि पोर रडली. मांजराच्या पिल्लासारखीच, पण रडली. सत्तर ओळींमधली माणसं तिच्याबरोबर रडायला लागली. राजा रडत होता की नाही ते मला माहीत नाही, माझं लक्ष नव्हतं.

राक्षस चिडला. एकेचाळीस म्हणाला, वीस उरले. सत्तेचाळीस म्हणाला, तीस उरले. पन्नास म्हणाला. पन्नासांच्या पन्नास ओळी झाल्या आणि एकवीस उरले. तो एक्कावन्न म्हणणार, तेवढ्यात त्र्यंबकभट ओळीतून ओरडला, "आता नाही बसायचं! काहीच नाही बसायचं!"

का म्हणता? सांगते. ही गोधडी बघा. लांबीकडून तुकडे मोजले काय नि रुंदीकडून मोजले काय, तुकडे तेवढेच ना? एक्कावन्न किंवा त्याहून मोठी ओळ केली, तर ओळी पन्नासपेक्षा कमीच होणार. मग तीच माणसं बाजूनं बघा, तेव्हा लहान ओळींचं मांडलेलं दिसेल. आणि लहान ओळी तर सगळ्या करून झाल्या होत्या. एकही बसली नव्हती. दोन हजार पाचशे एकवीस हा आकडाच तसा आहे. त्याचे सारखे भाग कुणाला पाडता येत नाहीत, राक्षसालाही नाही.

राक्षसानं सूर्याकडं पाहिलं. त्याला आपलीच शपथ आठवली. उरेल तो माझ्या पोटात. आणि आज उरलेला कोण? तोच. शपथ तर त्यालाही मोडता येत नव्हती. मग काय, त्यानं स्वतःच्या बोटांपासून सुरुवात केली. एक बोट खाल्लं, दोन खाल्ली, दहाही खाल्ली. पुढचं नाही सांगत. मावळतीला माळावर काहीसुद्धा शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे घाट चढून गेले. ज्याची त्याची काठी ज्यानं त्यानं ओळखली, घळीतली हाडं गोळा केली, अग्नी दिला. गेलेली माणसं परत आली नाहीत. गोष्ट झाली म्हणून काय झालं, राक्षसाच्या पोटातून माणसं दर वेळी जिवंत निघत नाहीत. राजा तिथंच राखेपाशी बसला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि तो पुन्हा काही नगरीत आला नाही. कासाराला वेस उघडून दिली. तो घरी गेला.

त्या पोरीचं नाव चिमा ठेवलं. ती जगली, हं. चांगली धडधाकट झाली. नगरीत मग पोरं जन्मली, माणसं मेली, पाहुणे आले नि गेले. कुणी मोजलं नाही.

आणि एक दिवस काय झालं, आवडाई सत्तरीची झाली. केस पांढरे झाले, गाल बसले, दात पडले, हातांवर सुरकुत्या आल्या. नगरीतल्या पोरांनी असं काही कधी पाहिलंच नव्हतं. ती तिच्याभोवती गोळा व्हायची, तिचे गाल ओढून बघायची. चिमानं घाबरून विचारलं, "आजी, तुला हे काय झालंय गं?"

आवडाई हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हणाली, "हे होय? हे म्हातारपण. घाबरू नकोस. तुलाही येईल, तुझ्या आईलाही येईल. सगळ्यांना येईल."

आणि आलं हो, सगळ्यांना आलं. हिवरनगरी सुखानं म्हातारी झाली. मिटा आता डोळे.